डिस्कवर चित्रात चित्र: इनसेट मुरवायचा, अँगलमध्ये ठेवायचा की वेगळा द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तबल्याच्या शिकवणीची दीड तासाची डिस्क काढायची आहे. मोठ्या चित्रात गुरुजी समोरून दिसतात. दुसऱ्या कॅमेऱ्यानं वरून फक्त हातांचं जवळचं दृश्य टिपलंय. ते कोपऱ्यात छोट्या चौकटीत दिसावं आणि शिकणाऱ्याला हवं तेव्हा रिमोटनं चालू-बंद करता यावं. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे अशा दोन्ही डिस्क हव्या आहेत. तर ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे डिस्क रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘पिक्चर इन पिक्चर’ची (पिपची) सोय कुठे असते आणि ती लावायची कशी?

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. इनसेट, म्हणजे ती छोटी चौकट, चित्रातच मुरवायचा, की डिस्कवर वेगळा ठेवायचा? याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही, डिस्क ज्यांच्या घरी जाणार त्यांच्या प्लेयरमध्ये आहे. माझं मत आधीच सांगते. डीव्हीडीवर अँगल, म्हणजे एकाच प्रसंगाचे पर्यायी व्हिडिओ, वापरा. ब्ल्यू-रेवर खरा पिप करा, पण आवाज मात्र पिपच्या भरवशावर सोडू नका. आता याची कारणं.

डीव्हीडी-व्हिडिओच्या रचनेत प्लेयर एका वेळी एकच व्हिडिओ डीकोड करतो. त्याच्यावर सबपिक्चरचा थर असतो. सबटायटल आणि मेन्यूतल्या बटणांचे हायलाइट त्यातून येतात. पण हा थर अवघ्या चार रंगांचा, त्यात हलतं चित्र बसत नाही. म्हणजे डीव्हीडीवर तुम्ही आजवर जे जे पिप पाहिलं असेल, ते एडिटमध्येच मुरवलेलं होतं. डीव्हीडीच्या ऑथरिंगमध्ये पिपचं बटण सापडत नाही ते म्हणूनच.

ब्ल्यू-रेमध्ये मुख्य व्हिडिओच्या वर दुसऱ्या व्हिडिओसाठी स्वतंत्र थर आहे. मात्र २००६ मध्ये ब्ल्यू-रे बाजारात आली तेव्हा प्लेयरमध्ये दुसरा डीकोडर असलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीत ती पहिल्यापासून होती. ब्ल्यू-रेमध्ये ती प्रोफाइल १.१ (प्लेयरला काय काय आलं पाहिजे याच्या नियमांची पुढची पायरी) बरोबर आली, १ नोव्हेंबर २००७ पासून येणाऱ्या नव्या प्लेयरांना. ‘बोनस व्ह्यू’ म्हणतात ते हेच. प्लेस्टेशन ३ ला ही सोय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपडेटमधून मिळाली. त्यामुळे आज घरोघरी चालू असलेले बहुतेक ब्ल्यू-रे प्लेयर पिप दाखवू शकतात. जे दाखवू शकत नाहीत त्यांची सोय मेन्यूत करावी लागते, त्याकडे पुढे येते.

आधी कॅमेरा आणि टाइमलाइन

पिपच्या निम्म्या तक्रारी ऑथरिंगच्या नसतातच, शूटिंगच्या असतात. दोन्ही कॅमेऱ्यांची फ्रेमगती एकच पाहिजे. आपल्याकडे ती २५ ठेवा. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यानं २५ फ्रेम आणि एक पन्नासांश शटर घेतलं की ट्यूबलाइटचा लुकलुकाटही टळतो. हातांचं दृश्य मोबाइलवर घेतलं असेल तर जास्त सांभाळा. मोबाइल बऱ्याचदा ३० फ्रेमनं आणि तेही बदलत्या गतीनं रेकॉर्ड करतो. अशी फाइल जशीच्या तशी टाइमलाइनवर टाकली तर सुरुवातीला जुळलेली दिसते आणि तासाभरानं सरकलेली असते. म्हणून आधी ती स्थिर २५ फ्रेममध्ये रूपांतरित करून घ्या, मगच एडिटला बसा.

तबल्यात सरकलेलं चित्र लपत नाही. ‘ना’ किनारीवर वाजला आणि तर्जनी अजून हवेतच दिसली, की शिकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न स्वतःच्या हाताबद्दल येतो. २५ च्या गतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. विलंबित लयीत एखादी फ्रेम खपून जाईल, पण द्रुत लयीतल्या कायद्यात (तबल्यातला रचनेचा एक प्रकार) दोन फ्रेम सरकल्या तरी बोल एकीकडे आणि बोट दुसरीकडे दिसतं. जुळवण्यासाठी सुरुवातीला टाळी वाजवतोच आपण, तशी शेवटीही वाजवून घ्या. टाळी राहिली असेल तर ‘ना’चा ठोका वापरा. वेव्हफॉर्ममध्ये त्याचं टोक सुईसारखं उभं दिसतं. ‘धा’मध्ये डग्ग्याची आस मिसळते, म्हणून तो टोकाला तितका नेमका नसतो. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही ठोके जुळले तर मधलं सगळं जुळलंय असं धरायला हरकत नाही.

एडिट पक्का झाला की एकाच टाइमलाइनमधून, त्याच इन आणि आउट पॉइंटांवर तीन मास्टर काढा: इनसेटशिवाय स्वच्छ चित्र, इनसेट मुरवलेलं चित्र आणि एकटा इनसेट. तिन्हींची फ्रेमसंख्या तंतोतंत सारखी आली पाहिजे. एका फ्रेमचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका. अँगलला तो चालतच नाही आणि पिपमध्ये तो जुळणीच बिघडवतो.

डीव्हीडी: अँगलची युक्ती

डीव्हीडीवर एकाच प्रसंगाचे नऊपर्यंत अँगल ठेवता येतात. आपल्याला दोन पुरेत. पहिला स्वच्छ चित्राचा, दुसरा इनसेट मुरवलेल्या चित्राचा. बघणाऱ्याला वाटतं इनसेट चालू-बंद होतोय. प्रत्यक्षात प्लेयर एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर जातो. आवाज दोन्ही अँगलना एकच असल्यामुळे ठेका तुटत नाही.

याच्या अटी कडक आहेत. दोन्ही व्हिडिओंची लांबी एक आणि जीओपीची (एकत्र कॉम्प्रेस होणाऱ्या फ्रेमच्या गटाची) रचनाही एक लागते. म्हणून एन्कोडरमधली सीन बदलल्यावर आपोआप नवा जीओपी सुरू करण्याची सोय बंद करा, जीओपीची लांबी ठरावीक ठेवा आणि जीओपी क्लोज्ड (शेजारच्या गटावर न विसंबणारा) ठेवा. पाल पद्धतीत जीओपी १५ फ्रेमपर्यंत जाऊ शकतो, मी १२ ठेवते. दोन्ही फाइल एकाच प्रीसेटनं एन्कोड करा. त्यांतली एक जरी उद्या दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या सेटिंगनं काढली तरी मक्सिंगच्या, म्हणजे व्हिडिओ आणि आवाज एका प्रवाहात गुंफण्याच्या, वेळी सॉफ्टवेअर ती नाकारणार.

बिटरेटकडे आता नीट बघा. डिस्कवर अँगल एकामागे एक सलग नसतात. एकाचा तुकडा, मग दुसऱ्याचा तुकडा, असे विणलेले असतात, आणि नको असलेला तुकडा प्लेयर ओलांडून जातो. या उड्यांमुळे डीव्हीडीची नेहमीची कमाल मर्यादा इथे वापरता येत नाही. व्हिडिओचं शिखर मी ७ एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) आत ठेवते. दुसरा प्रश्न जागेचा. ४.७ जीबीच्या डिस्कवर दीड तासाला सरासरी ७ एमबीपीएसच्या जरा खालीच मिळतात. त्यात दोन पूर्ण अँगल कोंबले तर एकेकाच्या वाट्याला साडेतीनसुद्धा येत नाही, आणि आवाजही प्रत्येक अँगलबरोबर पुन्हा भरला जातो. इतक्या कमी बिटरेटमध्ये पहिली मार बसते ती हातांनाच, कारण चित्रात सगळ्यात जास्त हलतात तेच.

यातून मार्ग असा की अँगल सबंध कार्यक्रमाला देऊच नका. गुरुजी घराण्याबद्दल बोलतायत, तबला लावतायत, तिथे इनसेटचं काम काय? कायदे, पलटे, तिहाया प्रत्यक्ष वाजतात तेवढ्याच भागांना दुसरा अँगल द्या. समजा असे भाग मिळून अर्धा तास झाले, तर डिस्कवर एकूण १२० मिनिटांचा व्हिडिओ जातो आणि सरासरी ५.२ एमबीपीएसपर्यंत येते. आवाज वजा करून हे चांगलं चित्र आहे. एकाच ट्रॅकमध्ये काही भाग अँगलचे आणि बाकीचे साधे, असं मिश्रण नियमात बसतं. डीव्हीडी स्टुडिओ प्रोमध्ये यासाठी वेगळ्या प्रकारचा ट्रॅकच होता. डीव्हीडी-लॅब प्रो आणि सीनारिस्ट यांतही अँगल करता येतात. अडोबी एन्कोरमध्ये ते नाहीत, त्यामुळे एन्कोरवरच काम करायचं असेल तर मुरवलेलं चित्र दुसऱ्या टाइमलाइनवर ठेवून मेन्यूतून तिकडे जायचं, एवढाच पर्याय उरतो. त्यात मधेच चालू-बंद करता येत नाही.

इनसेट मुरवताना इंटरलेसिंगची, म्हणजे एक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये दाखवण्याची, काळजी घ्या. ५०आय फुटेज तसंच लहान केलं तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि चालत्या बोटांना कंगव्यासारखे दाते फुटतात. आधी डीइंटरलेस करा, मग लहान करा. चौकटीची किनार एका ओळीची ठेवू नका, इंटरलेस्ड टीव्हीवर ती थरथरते. चार ओळींची जाड किनार शांत बसते. इनसेट पडद्याच्या कडेला चिकटवू नका, जुने टीव्ही चारही बाजूंनी चित्र थोडं कापतात. आणि आकाराला कंजूषी करू नका. पडद्याच्या पाव रुंदीच्या चौकटीत अनामिका शाईच्या कडेला कुठे टेकलीय ते ७२० बाय ५७६ मध्ये दिसत नाही. एक तृतीयांशाच्या खाली मी जात नाही.

चालू-बंदसाठी फक्त रिमोटवरच्या अँगलच्या बटणावर विसंबू नका. स्वस्त रिमोटवर ते नसतंच, आणि असलं तरी फार थोड्यांना त्याचा उपयोग ठाऊक असतो. मेन्यूत ‘हात दाखवा’ आणि ‘हात लपवा’ अशी दोन बटणं ठेवा. बटणामागे अँगल ठरवणारी कमांड द्यायची. प्लेयर तो आकडा त्याच्या सिस्टिम रजिस्टर ३ मध्ये (सेटिंगचे आकडे ठेवायच्या आतल्या कप्प्यात) ठेवतो. ज्यांच्या रिमोटवर बटण आहे त्यांनाही वापरता यावं म्हणून युजर ऑपरेशनच्या बंदीत अँगल बदलण्यावर बंदी लागलेली नाही ना, तेवढं तपासा. काही टेम्प्लेटमध्ये ती आधीच लावलेली असते. बदल क्षणार्धात होत नाही, चालू तुकडा संपल्यावर होतो. त्यामुळे शिकणाऱ्यानं बटण दाबल्यावर जरासा वेळ गेला तर डिस्क खराब आहे असं समजू नका.

ब्ल्यू-रे: खरा पिप

ब्ल्यू-रेवर इनसेट हा स्वतंत्र व्हिडिओ म्हणून जातो. मुख्य व्हिडिओला प्रायमरी आणि याला सेकंडरी म्हणतात. स्ट्रीम फोल्डरमधल्या एम२टीएस फाइलमध्ये मुख्य व्हिडिओचा पिड (प्रवाहाचा ओळख क्रमांक) हेक्समध्ये १०११ असतो, सेकंडरी व्हिडिओचे १बी०० पासून पुढे आणि सेकंडरी आवाजाचे १ए०० पासून पुढे. पण फाइलमध्ये व्हिडिओ आहे एवढ्यानं तो दिसत नाही. प्लेलिस्टमध्ये, म्हणजे एमपीएलएस फाइलमध्ये, त्याच्यासाठी सबपाथ (मुख्य व्हिडिओबरोबर आणखी काय चालवायचं याची नोंद) लागतो आणि चौकट कुठे, केवढी, कधीपासून हे सांगणारा पिपचा मेटाडेटा लागतो. इनसेट डिस्कवर आहे पण पडद्यावर येत नाही, अशी तक्रार आली की मी आधी प्लेलिस्ट उघडते. बीडीएडिटसारख्या साधनात ती वाचता येते. बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक गायब असतं.

सबपाथचे दोन प्रकार तुमच्या कामाचे. प्रकार ७ मध्ये सेकंडरी व्हिडिओ मुख्य व्हिडिओच्याच एम२टीएसमध्ये मक्स झालेला असतो आणि त्याच्या घड्याळाला बांधलेला असतो. प्रकार ६ मध्ये तो वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि स्वतःच्या घड्याळावर चालतो. मुलाखत, टिप्पणी, कुठूनही सुरू झालं तरी चालेल असं काही असेल तर दुसरा ठीक. तबल्याला पहिलाच घ्या. चॅप्टर बदला, मागे जा, पुढे जा, इनसेट मुख्य चित्राबरोबरच उडी मारतो. उडीनंतर दोन्ही चित्रं एकदमच उमटावीत म्हणून चॅप्टरच्या खुणेवर दोन्ही व्हिडिओंमध्ये नवा जीओपी सुरू झालेला असू द्या. मी दोन्हींचा जीओपी एक सेकंदाचा ठेवते.

फ्रेमगतीचा घोळ आपल्याकडे हमखास होतो, कारण आपण २५ मध्ये काम करतो आणि ब्ल्यू-रेच्या यादीत १०८०पी२५ नाही (पी म्हणजे पूर्ण फ्रेम, आय म्हणजे इंटरलेस्ड). त्या यादीत १९२० बाय १०८० साठी २३.९७६पी, २४पी, ५०आय आणि ५९.९४आय आहेत. २५ फ्रेमचं चित्र ५०आयच्या वेष्टनात घालायचं असतं, म्हणजे एकाच फ्रेमची दोन फील्ड. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये त्यासाठी फेक-इंटरलेस्ड नावाचा पर्याय आहे. ब्ल्यू-रे कंपॅटिबिलिटीच्या पर्यायाबरोबर तो लावा. चित्राला काही होत नाही, फक्त खूण बदलते. इनसेटही मग ७२० बाय ५७६, ५०आय असाच घ्या. मुख्य चित्र एका गतीत आणि इनसेट दुसऱ्या गतीत असं करू नका.

इनसेट एचडीमध्ये द्यायचा मोह होईल. देऊ नका. सेकंडरी व्हिडिओ एसडीमध्ये दाखवणं प्रोफाइल १.१ च्या प्लेयरला बंधनकारक आहे, एचडीमध्ये दाखवणं ऐच्छिक आहे. प्लेयर रजिस्टर २९ मध्ये या क्षमतेसाठी एक बिट आहे. २५ आणि ५० हर्ट्झचा व्हिडिओ चालतो की नाही त्याचा बिटही तिथेच आहे. भारतात आणि युरोपात विकलेल्या प्लेयरना ५० हर्ट्झची अडचण सहसा येत नाही. अमेरिकेतल्या प्लेयरवर मात्र येऊ शकते. तिथल्या शिष्यांनाही डिस्क पाठवायची असेल तर हे आधी विचारात घ्या, कारण मग सगळं कामच २३.९७६पी किंवा ५९.९४आय मध्ये करावं लागेल.

आता आकार आणि जागा. मेटाडेटात पाचच आकार आहेत: मूळ, निम्मा, पाव, दीडपट आणि पूर्ण पडदा. अधलंमधलं काही मागता येत नाही. एसडी चित्र मूळ आकारात ठेवलं तर ते एचडी पडद्याची जवळजवळ ३८ टक्के रुंदी व्यापतं. हातांसाठी ही रुंदी मला योग्य वाटते. जागा मुख्य चित्राच्या पिक्सेलमध्ये द्यायची असते. कडेपासून पाच टक्के आत यायचं म्हटलं तर उजवीकडून ९६ आणि वरून ५४ पिक्सेल. म्हणजे आडवी जागा १९२० वजा ९६ वजा ७२०, बरोबर ११०४. उभी जागा ५४ ऐवजी ५६ घ्या. इंटरलेस्ड चित्रात चारच्या पटीत राहिलं की फील्ड आणि रंग यांचा मेळ बिघडत नाही. वरचा उजवा कोपरा मी मुद्दाम सुचवते, कारण खाली सबटायटल येतात आणि बसलेल्या वादकाचे हातही मुख्य चित्रात खालीच असतात. मेटाडेटात वेळेनुसार अनेक नोंदी देता येतात, त्यामुळे कॅमेरा बदलला आणि गुरुजी उजवीकडे आले तर चौकट डावीकडे सरकवता येते.

एक कसोटी तबल्यानंच तुम्हाला फुकट दिलीय. एसडीचा पिक्सेल चौरस नसतो, एचडीचा असतो. इनसेट वरून घेतलेला असेल तर तबल्याचं तोंड पडद्यावर गोल दिसलं पाहिजे. चपटं किंवा उभट दिसलं तर पिक्सेलच्या गुणोत्तराची दुरुस्ती एन्कोडच्या आधी, एडिटमध्येच करा. त्याची दुरुस्ती मेटाडेटात होत नाही.

सेकंडरी व्हिडिओला किनार आपोआप येत नाही. थरांचा क्रम खालून वर असा असतो: मुख्य व्हिडिओ, त्यावर सेकंडरी, त्यावर सबटायटलचा ग्राफिक थर, सगळ्यात वर मेन्यूचा. किनार मेन्यूच्या थरात काढता येते, पण मग इनसेट बंद केल्यावर रिकामी चौकट मागे राहणार नाही हे आणखी एका कमांडनं सांभाळावं लागतं. त्यापेक्षा किनार इनसेटच्या व्हिडिओतच रंगवा.

ल्यूमा की या सोयीपासून तबलावाल्यांनी लांब राहावं असं मला मनापासून वाटतं. ती चालू केली की शून्यापासून तुम्ही ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच्या उजेडाचे पिक्सेल पारदर्शक होतात. काळ्या पडद्यासमोर बोलणारा माणूस चौकटीशिवाय, नुसता आकृतीत दाखवायला ती छान आहे. पण तबल्याची शाई काळी, डग्ग्याचीही काळी. मर्यादा जराशी वर गेली की पुडीच्या मधोमध भोक पडतं आणि त्यातून मागचं मुख्य चित्र दिसायला लागतं. कॉम्प्रेशनमुळे काळा रंग जागच्या जागी राहत नाही, त्यामुळे त्या भोकाची कड दर फ्रेमला वळवळते. तुमच्या डिस्कसाठी चौकोनी इनसेट घ्या आणि ल्यूमा कीचा फ्लॅग बंद ठेवा. दुसऱ्या एखाद्या कामात ती लागलीच, तर पार्श्वभूमी १६ वर (व्हिडिओतला पूर्ण काळा) सपाट ठेवा, मर्यादा त्याच्या चार-पाच अंकच वर द्या आणि माणसाचे केस, भुवया, गडद कपडे ग्रेडिंगमध्ये ३२ च्या वर उचलून घ्या.

जागेची चिंता इथे नाही. २५ जीबीच्या डिस्कवर दीड तासाला सरासरी ३७ एमबीपीएस मिळतात. इनसेटला २ एमबीपीएस दिले तर तो सगळा मिळून १.३५ जीबी होतो. फक्त तो मुख्य व्हिडिओच्याच प्रवाहात असल्यामुळे दोन्ही व्हिडिओ, सगळे आवाज आणि सबटायटल मिळून ४८ एमबीपीएसच्या आत राहिले पाहिजेत. मुख्य व्हिडिओचं शिखर ३० वर रोखलं की हा हिशेब सुखानं बसतो.

चालू-बंद, आणि पिप नसलेला प्लेयर

ब्ल्यू-रेची डिस्क दोन पद्धतींनी करता येते. एचडीएमव्ही, म्हणजे साध्या कमांडची, आणि बीडी-जे, म्हणजे जावाची. बीडी-जेमध्ये पिपवर बारीक नियंत्रण मिळतं, त्यासाठी पिपकंट्रोल नावाचा इंटरफेसच आहे. पण शिकवणीच्या डिस्कसाठी मी एचडीएमव्ही निवडते. तीत प्लेयर थांबवून पुन्हा सुरू केल्यावर होतो तिथून पुढे जाता येतं. जावाच्या डिस्क सहसा पहिल्यापासून सुरू होतात, आणि रियाजाला बसलेल्या मुलानं दर वेळी मेन्यूतून वाट काढत यावं हे बरोबर नाही. एचडीएमव्हीत पॉप-अप मेन्यूतल्या बटणाला सेकंडरी स्ट्रीम निवडण्याची कमांड जोडा. ती रजिस्टर १४ मध्ये जाते, आणि इनसेट चालू आहे की बंद, कितवा आहे, हे तिथून ठरतं.

मागे म्हटलेली जुन्या प्लेयरची सोय इथे करायची. डिस्क सुरू होताच रजिस्टर ३१ वाचा. प्लेयर कोणत्या प्रोफाइलचा आहे ते त्यात कळतं. तो १.१ च्या खालचा असेल तर इनसेटचं बटण नसलेला मेन्यू दाखवा. न चालणारं बटण समोर ठेवलं तर माणूस ते दाबत राहतो आणि तक्रारीचा फोन तुम्हालाच येतो.

आवाज

इनसेटबरोबर बोलणं असेल, म्हणजे गुरुजी बोटांची ठेवण समजावून सांगतायत असा वेगळा आवाज असेल, तर नियमानं तो सेकंडरी ऑडिओ म्हणून देता येतो. डॉल्बी डिजिटल प्लस किंवा डीटीएस एक्स्प्रेसमध्ये. प्लेयर तो मुख्य आवाजात मिसळतो. अडचण घरोघरच्या सेटिंगची आहे. ज्यांनी प्लेयरचा आवाज बिटस्ट्रीमनं, म्हणजे न उलगडता, थेट अँप्लिफायरला दिलाय आणि मिक्सिंगचं सेटिंग बंद ठेवलंय, त्यांना सेकंडरी आवाज ऐकूच येत नाही. इनसेट दिसतो, ओठ हलतात, शब्द येत नाहीत. हे सेटिंग प्लेयरच्या मेन्यूत खोल कुठेतरी असतं आणि प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं.

म्हणून सुरुवातीला म्हटलं की आवाज पिपच्या भरवशावर सोडू नका. स्पष्टीकरण आणि तबला स्टुडिओतच मिक्स करून दुसरा प्रायमरी ऑडिओ ट्रॅक बनवा. ‘हात दाखवा’ बटणाला दोन कमांड द्या, एक इनसेट चालू करणारी आणि दुसरी ऑडिओ २ लावणारी. ‘हात लपवा’ला उलट. हा आवाज कुठल्याही सेटिंगवर ऐकू येतो, आणि बोलण्याच्या वेळी तबला किती खाली घ्यायचा हे तुमच्या हातात राहतं, प्लेयरच्या नाही. तरीही सेकंडरी ऑडिओच वापरायचा असेल तर कोणता सेकंडरी आवाज कोणत्या प्रायमरी आवाजाबरोबर आणि कोणत्या इनसेटबरोबर चालेल, याच्या जोड्या प्लेलिस्टमध्ये नोंदवाव्या लागतात. सॉफ्टवेअरमध्ये या खुणा केल्या नाहीत तर आवाज आणि चित्र एकत्र येत नाहीत.

साधनं आणि चाचणी

पूर्ण पिप, मेन्यू आणि कमांडसकट, सीनारिस्ट बीडी किंवा सोनीच्या ब्ल्यू-प्रिंटसारख्या व्यावसायिक साधनांतच नीट होतो. एन्कोरची शेवटची आवृत्ती सीएस६, २०१२ ची. तिच्यात पिप नाही. फुकट साधनांत टीएसमक्सरचा उपयोग होतो. त्यात व्हिडिओ ट्रॅकला सेकंडरी म्हणून खूण करता येते आणि कोपरा, कडेपासूनचं अंतर, स्केल हे सगळं देता येतं. मेन्यू तो बनवत नाही. तरी मी नेहमी पहिली चाचणी त्याच्यावरच करते: दोन मिनिटांचा तुकडा, एक कायदा आणि एक तिहाई, पुन्हा लिहिता येणाऱ्या बीडी-आरईवर. रिमोटवर पिपचं बटण असलेला प्लेयर घ्यायचा, म्हणजे मेन्यूशिवाय इनसेट चालू करून बघता येतो. जागा, आकार, गोलाई, जुळणी सगळं त्यातच कळून येतं.

व्यावसायिक साधन हाताशी नसेल तर ब्ल्यू-रेवरही अँगल करा. १५ एमबीपीएसचे दोन अँगल दीड तासाला साधारण २० जीबी घेतात, एका थराच्या डिस्कवर आवाजासकट बसतात आणि प्रोफाइल १.० च्या प्लेयरवरही चालतात. एवीसी (एक्स२६४ काढतो तो व्हिडिओ प्रकार) असेल तर १५ एमबीपीएस तबल्याच्या बैठकीला भरपूर झाले. छोट्या प्रतींच्या कामात मी हा पर्याय कमी दर्जाचा मानत नाही.

कॉम्प्युटरवर पॉवरडीव्हीडीसारखा बोनस व्ह्यू दाखवणारा प्लेयर तपासणीला ठेवा, पण मंजुरी त्याच्यावर देऊ नका. निदान दोन वेगळ्या कंपन्यांच्या खऱ्या प्लेयरवर डिस्क चालवा. इनसेट चालू ठेवून चॅप्टर पुढे-मागे करा, फास्ट फॉरवर्ड करून सोडा, थांबवून पुन्हा सुरू करा, सबटायटल लावा, आवाज बदला. प्रत्येक वेळी हात आणि बोल जुळतायत का बघा. हे बघायला तबला येणारा माणूस बसवा. आपल्याला दोन फ्रेमचा फरक दिसत नाही, त्याला कानानं कळतो.

प्रती बीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रेवर) बर्न करणार असाल तर फाइल सिस्टिम यूडीएफ २.५० निवडा. कारखान्यात छापून घेणार असाल तर ब्ल्यू-रेला एएसीएस हे नकल रोखणारं संरक्षण बंधनकारक असतं आणि त्याचा खर्च वेगळा येतो. शे-दोनशे प्रतींसाठी तो परवडत नाही. तेवढ्या प्रती बीडी-आरवर काढा आणि आधी पाच-सहा शिष्यांच्या घरी पाठवून त्यांच्याकडे कोणते प्लेयर आहेत ते लिहून घ्या. चाचणीची पुढची यादी त्यावरूनच करायची.